दप्तर कोणाच्या घरी?

आमच्या तलवाड्याच्या पंचक्रोशीतील एका सेवा सहकारी सोसायटीच्या कचेरीत खरिपाच्या तोंडावर पाहिलेला हा प्रसंग आहे. पीककर्जाचे नवे-जुने करण्यासाठी आठ-दहा शेतकरी सकाळपासून येऊन बसले होते. गटसचिवांच्या टेबलावरील संगणकाच्या पडद्यावर एक चक्र एकसारखे फिरत होते आणि कोणी विचारलेच तर 'सर्व्हर डाऊन आहे' एवढे उत्तर मिळत होते. दुपार झाली तेव्हा एका वृद्ध गृहस्थांनी शांतपणे विचारले, "भाऊसाहेब, हा सर्व्हर असतो तरी कुठं?" "वर असतो, आबा." "वर म्हंजी बीडला का मुंबईला?" गटसचिव कसनुसे हसले. त्यांनाही ते ठाऊक नव्हते. त्यांच्या पाठीमागच्या लोखंडी कपाटात सोसायटीच्या जुन्या रोजकीर्दी आणि खतावण्या रचून ठेवलेल्या होत्या. त्या कोठे आहेत हे मात्र खोलीतील प्रत्येकाला दिसत होते.

आबांचा प्रश्न अडाणीपणाचा मानून सोडून देण्यासारखा नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२२ मध्ये देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गावोगावच्या सोसायट्यांचे हिशेब एका सामायिक सॉफ्टवेअरवर आणावयाचे, आणि ते सॉफ्टवेअर 'क्लाऊड'वर ठेवावयाचे, अशी ही योजना आहे. तिला विरोध करावा असे आम्हांस वाटत नाही. हस्तलिखित खतावणीचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा त्या खतावणीत खाडाखोड करून कोणाकोणाच्या नावे किती कर्जे उभी राहिली याचाही हिशेब मांडला पाहिजे. साठीच्या आणि सत्तरीच्या दशकांत डाव्या चळवळीने संगणकाला सरसकट विरोध केला. नोकऱ्या जाण्याची भीती त्या वेळी खरी होती, तरी यंत्र येऊच नये ही मागणी करण्यात आपली शक्ती खर्च झाली आणि यंत्र कोणाच्या मालकीचे असावे, कोणत्या शर्तींवर यावे, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. तीच चूक दुसऱ्या बाजूने पुन्हा होऊ घातली आहे: आता यंत्राचे स्वागत आहे, पण शर्तींविषयी कोणी विचारीत नाही. म्हणून हा क्लाऊडचा धंदा मुळात कसा उभा राहिला आणि त्याच्या आरंभीच्या वर्षांपासून आपण काय शिकावे, याचा थोडा खोलात जाऊन विचार करू.

'क्लाऊड' या शब्दाने मनात काही तरी विरळ, अधांतरी असे चित्र उभे राहते. वस्तुस्थिती अगदी जड आहे. मोठमोठ्या शेडमध्ये हजारो संगणक मांडलेले असतात, त्यांना वीज लागते, थंडावा लागतो, पहारा लागतो. आपण आपल्या कचेरीत बसून तारेवाटे त्यांचा वापर करतो आणि वापराचे भाडे देतो. ही कल्पनाही आजची नव्हे. जॉन मॅकार्थी या अमेरिकन गणितज्ञाने १९६१ सालीच असे सुचविले होते की, टेलिफोनप्रमाणे संगणनही एक दिवस सार्वजनिक सेवा म्हणून संघटित करता येईल. 'सार्वजनिक सेवा' हे त्यातील शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत. आपल्याकडे १९६४ साली कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सी.डी.सी. ३६०० हा त्या काळचा प्रचंड संगणक आला, तेव्हा देशभरच्या विद्यापीठांतील आणि प्रयोगशाळांतील अभ्यासक आपली गणिते पंचकार्डांवर घेऊन तेथे येत असत. एक महाग यंत्र, अनेक वापरणारे, आणि मालकी सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेची, असे त्याचे स्वरूप होते.

या कल्पनेला बाजाराचे रूप आले ते १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस. तोवर मोठ्या कंपन्या सॉफ्टवेअर विकत घेत. परवान्यापोटी एकरकमी मोठी किंमत मोजावयाची, मग ते बसविण्यासाठी महिनोन् महिने तंत्रज्ञांना पोसावयाचे, आणि दर दोन-तीन वर्षांनी नवी आवृत्ती आली की पुन्हा तोच खर्च. लहान व्यापाऱ्याला हे परवडत नसे. १९९९ साली ओरॅकल कंपनीतून बाहेर पडलेल्या मार्क बेनिऑफ यांनी तीन साथीदारांसह सॅन फ्रान्सिस्कोतील एका भाड्याच्या घरात 'सेल्सफोर्स' सुरू केली. ग्राहकांची आणि विक्रीची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर इंटरनेटवरून वापरावयास द्यावयाचे आणि माणशी दरमहा भाडे घ्यावयाचे, एवढीच त्यांची योजना होती. विकणे बंद, भाड्याने देणे सुरू.

त्याच सुमारास दुसऱ्याही अनेक कंपन्या 'तुमचे सॉफ्टवेअर आमच्या संगणकावर चालवून देतो' म्हणत बाजारात आल्या होत्या आणि त्यांपैकी बहुतेक बुडाल्या. यूएस इंटरनेटवर्किंग ही त्यांतील मोठी कंपनी जानेवारी २००२ मध्ये दिवाळखोरीत निघाली. त्या बुडाल्या आणि सेल्सफोर्स तगली, याचे कारण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला रंजक वाटावे असे आहे. बुडालेल्या कंपन्या प्रत्येक ग्राहकासाठी सॉफ्टवेअरची स्वतंत्र प्रत मांडीत. शंभर ग्राहक म्हणजे शंभर प्रती, शंभर दुरुस्त्या. ग्राहक वाढला की खर्चही त्याच मानाने वाढे. सेल्सफोर्सने सर्व ग्राहकांना एकाच प्रतीवर, एकाच मोठ्या दप्तरात बसविले. प्रत्येकाचे पान वेगळे, दुसऱ्याचे पान कोणाला दिसणार नाही अशी तजवीज, पण वही एकच. नव्या ग्राहकाचा वाढीव खर्च त्यामुळे जवळजवळ शून्यावर आला. चार शेतकऱ्यांनी मिळून एक विहीर पाडावी, मोट आळीपाळीने चालवावी, त्यातलेच हे गणित आहे. येथे विहीर पाडणारा एकटा राहिला आणि पाणी घेणारे हजारो झाले, एवढाच फरक.

यातील दुसरी गोष्ट बीड जिल्ह्यातील वाचकांनी विशेष लक्ष देऊन वाचावी. आरंभी सेल्सफोर्स महिन्याच्या महिन्याला पैसे घेत असे. ग्राहकाला वाटेल तेव्हा सोडून जाता येत असे. २००१ साली इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटल्यावर कंपनीची रोकड आटू लागली. तेव्हा तिने रीत बदलली: वर्षाचा किंवा अनेक वर्षांचा करार करावयाचा आणि रक्कम आगाऊ घ्यावयाची. ग्राहकांच्या आगाऊ पैशावर कंपनी सावरली, आणि पुढे या धंद्यात हीच रूढ पद्धत झाली. उचल काय असते हे आपल्या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मुकादम दसऱ्याआधी उचल देतो आणि कोयत्याची जोडी हंगामभर बांधली जाते. आपल्याकडे उचल घेणारा बांधला जातो. या नव्या धंद्यात उचल देणाराच बांधला गेला. भांडवलाच्या इतिहासात इतकी सोयीची उचल मुकादमाच्या वाट्यालाही कधी आली नसेल.

जाता जाता एक गंमत सांगावीशी वाटते. फेब्रुवारी २००० मध्ये सीबेल या प्रतिस्पर्धी कंपनीचा ग्राहकमेळावा सॅन फ्रान्सिस्कोत भरला होता. सेल्सफोर्सने त्याच्या दारात एक मोर्चा काढला. फलक होते, घोषणा होत्या, 'सॉफ्टवेअरचा अंत झाला' असा पुकारा होता. मोर्चेकरी मात्र पैसे देऊन आणलेले नट होते. आमच्या चळवळीच्या साधनांचा एवढा यशस्वी वापर आम्हांला स्वतःला अलीकडे क्वचितच साधला आहे!

डिसेंबर २००५ मध्ये मात्र या कंपनीची सेवा काही तास बंद पडली. ग्राहकांत ओरड झाली, वृत्तपत्रांनी टीका केली. कंपनीने आधी सारवासारव केली. पण २००६ च्या आरंभी तिने आपल्या यंत्रणेची रोजची स्थिती सर्वांना पाहता येईल अशी जाहीर करावयास सुरुवात केली. कोणती सेवा चालू आहे, कोणती बंद पडली, केव्हा पडली, सर्व उघड. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला हे करावे लागले, कारण तिचे ग्राहक बोलके होते आणि त्या काळी त्यांना सोडून जाणे अजून शक्य होते. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या आपल्या यंत्रणांत किती जणांनी अशी पाटी लावली आहे? आमच्या गटसचिवांना 'डाऊन' या एका शब्दापलीकडे काहीही कळविले जात नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. एकाच प्रतीवर बसविलेल्या या ग्राहकांना संगणकशास्त्रात जो शब्द रूढ आहे त्याचा सरळ मराठी अर्थ 'भाडेकरू' असा होतो, किंवा आपल्या खेड्यांतील जुना शब्द वापरावयाचा तर 'कूळ'. एक मालक, अनेक कुळे. हा शब्द अभियंत्यांनी सहज म्हणून घेतला असेल, पण तो फार चपखल बसला आहे. कुळाने जमीन कसावयाची, पीक काढावयाचे, बांध घालावयाचा. जमीन मात्र मालकाची. येथेही सोसायटीने वर्षानुवर्षे सभासदांच्या नोंदी भरावयाच्या, चुका दुरुस्त करावयाच्या. मशागत कुळाची, शेत मालकाचे. सेवा सोडावयाची म्हटले तर नोंदी कोणत्या स्वरूपात परत मिळतील, किती दिवसांत मिळतील, त्यासाठी काय मोजावे लागेल, हे मालकाने लिहून दिलेल्या करारावर अवलंबून राहते.

प्रस्तुत लेखकाचे वडील निजामी अमलात दुसऱ्याच्या जमिनीचे कूळ होते. १९५० साली हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा झाला. 'संरक्षित कूळ' हा शब्द मराठवाड्याच्या बोलीत त्या कायद्याने आणला. खंडाला मर्यादा आली, मन मानेल तेव्हा कुळाला काढून लावणे बंद झाले, पुढे मालकीचाही मार्ग खुला झाला. कायदा चांगला होता. तरी त्याचा लाभ सर्वांना सारखा मिळाला नाही. ज्यांच्याजवळ खंडाच्या पावत्या होत्या, ज्यांची नावे पाहणीपत्रकात लागली होती, ते तरले. ज्या गावी दप्तर मालकाच्या वाड्यावर राहत होते, तेथे पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्याचे नाव कोठेच सापडले नाही. वडिलांनी खंडाच्या पावत्या एका पत्र्याच्या डब्यात घालून तो डबा धान्याच्या कणगीत पुरून ठेवला होता. अर्थशास्त्रातील मालमत्ता-हक्कांचे सिद्धान्त पुढे मी तीस-बत्तीस वर्षे शिकविले. पण मालकीइतकेच मालकीच्या पुराव्यालाही महत्त्व असते, हे त्या डब्याने मला आधीच शिकविले होते.

भाड्याच्या संगणकाचा पहिला मोठा धडा तर या देशाने क्लाऊडचे नावही नव्हते तेव्हा घेतला आहे. आय.बी.एम. ही अमेरिकन कंपनी साठीच्या दशकात भारतात १४०१ जातीचे संगणक देऊ लागली. १९६१ साली मुंबईतील एस्सो कंपनीत असा संगणक आला. ही यंत्रे प्रायः विकली जात नसत, भाड्याने दिली जात. परदेशांत वापरून जुनी झालेली यंत्रे दुरुस्त करून येथे आणावयाची आणि वर्षानुवर्षे त्यांचे भाडे घ्यावयाचे, असा हा व्यवहार होता. दुरुस्ती आय.बी.एम.चे तंत्रज्ञ करीत. यंत्राच्या पोटात काय आहे हे भाडेकरूने पाहण्याचे कारण नव्हते. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणणे भाग पडले. जनता सरकारात उद्योगमंत्री झालेले जॉर्ज फर्नांडिस, म्हणजे मुंबईच्या कामगार चळवळीतून आलेले आमचेच जॉर्ज, या अटीवर अडून राहिले. आय.बी.एम.ने १९७७ च्या नोव्हेंबरात माघार जाहीर केली आणि १९७८ मध्ये ती देशाबाहेर गेली.

समाजवादी वर्तुळात ही कथा येथेच, विजयाच्या स्वरात, संपविण्याची प्रथा आहे. खरी कथा येथे सुरू होते. मालक गेला, पण यंत्रे येथेच होती, आणि त्यांच्यावर अनेक कचेऱ्यांचे आणि कारखान्यांचे कामकाज अवलंबून होते. ती बंद पडली असती तर जॉर्ज यांच्या निर्धाराचे हसे झाले असते. ती बंद पडली नाहीत, कारण सरकारने १९७५ च्या अखेरीसच कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे सी.एम.सी., ही सार्वजनिक कंपनी स्थापन करून ठेवली होती. तिच्या अभियंत्यांनी आय.बी.एम.च्या यंत्रांची निगा आपल्याकडे घेतली आणि ती चालू ठेवली. आय.बी.एम.च्याच काही जुन्या कर्मचाऱ्यांनी वेगळी कंपनी काढून तिची डेटा केंद्रे चालविली. पुढे याच सी.एम.सी.ने १९८५-८६ मध्ये दिल्लीत रेल्वेच्या आरक्षणाची संगणक-पद्धत उभी केली. तासन् तास खिडकीपुढे उभे राहिलेल्या पिढीला तिचे मोल वेगळे सांगावयास नको. मंत्र्याच्या सहीला अर्थ आला तो हातात स्क्रू-पान्हा घेतलेल्या या माणसांमुळे. ऑक्टोबर २००१ मध्ये केंद्र सरकारने सी.एम.सी.मधील आपला ५१ टक्के हिस्सा टाटा सन्सला विकून टाकला, आणि २०१५ साली ती टी.सी.एस.मध्ये विलीन झाली. नफ्यातली सार्वजनिक कंपनी विकण्याविषयी तेव्हा जे वाद झाले ते किमतीविषयी झाले. मालकाशिवाय यंत्र चालवून दाखविण्याची जी विद्या त्या कंपनीने मिळविली होती तिची किंमत कोणत्याही निविदेत धरलेली नव्हती.

पुण्याचे काय, असे कोणी विचारील. क्लाऊडच्या धंद्यात पुण्याचे नाव खरोखरच मोठे आहे. २००८ साली जसप्रीत सिंग, मिलिंद बोराटे आणि रमणी कोठंडरामन यांनी पुण्यात 'ड्रुवा' सुरू केली. आरंभी आपत्तीत दप्तर वाचविण्याचे सॉफ्टवेअर ती विकत असे. मग लॅपटॉपमधील माहितीची सुरक्षित प्रत ठेवण्याकडे वळली आणि पुढे तो सारा कारभार तिने क्लाऊडवर नेला. जून २०१९ मध्ये तिचे बाजारमूल्य एक अब्ज डॉलरच्या पुढे गेले. २००९ साली समीर बोडस आणि मोनीश दर्डा यांनी काढलेली 'आयसर्टिस' मोठ्या कंपन्यांचे करारमदार सांभाळण्याचे सॉफ्टवेअर देते. तिचेही बरेचसे काम पुण्यात होते. या अभियंत्यांच्या बुद्धीविषयी आणि धाडसाविषयी आदर बाळगूनच दोन गोष्टी नमूद केल्या पाहिजेत. ड्रुवाचे मुख्य कार्यालय कॅलिफोर्नियात आहे आणि आयसर्टिसचे वॉशिंग्टन राज्यातील बेलव्ह्यू येथे. भांडवल आणि मोठे ग्राहक जिकडे, तिकडे कंपनीचे घर गेले. दुसरी गोष्ट अशी की, ड्रुवाची सेवा ॲमेझॉनच्या यंत्रांवर उभी आहे आणि आयसर्टिसची मायक्रोसॉफ्टच्या. म्हणजे ज्यांना आपण मालक समजतो तेही वरच्या मालकाची कुळे आहेत, आणि त्यांचे ग्राहक पोटकुळे. जहागिरीच्या काळची उतरंड आठवावी.

'माहिती भारताच्या भूमीवर ठेवा म्हणजे झाले' असे हल्ली पुष्कळदा ऐकू येते. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे आपली डेटा केंद्रे उघडली; ॲमेझॉनची मुंबईतील यंत्रणा जून २०१६ मध्ये सुरू झाली. म्हणजे दप्तर बरेचसे आपल्या दारात आले आहे. पण जुलै २०२५ मध्ये काय घडले ते पाहा. रशियाच्या रोझनेफ्टची मोठी भागीदारी असलेल्या नायरा एनर्जी या भारतीय तेलकंपनीवर युरोपीय संघाने निर्बंध घातले, आणि मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा एकाएकी थांबविल्या. कर्मचाऱ्यांना स्वतःच्याच पत्रव्यवहारापर्यंत पोहोचता येईना. पैसे भरलेले होते. भारताच्या कोणत्याही कायद्याचा भंग झालेला नव्हता. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली, आणि जुलै संपता संपता सेवा पूर्ववत झाली. नायराजवळ नामांकित वकील होते. आमच्या सोसायटीजवळ गटसचिव आहेत, आणि त्यांच्याकडेही चार-पाच गावांचा कारभार आहे.

यावरून कोणी 'स्वदेशी मालक आणा' असा निष्कर्ष काढील, तर त्याने वर्षभर आधीची घटना पाहावी. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीखोर संगणक-हल्ला झाल्याचा संशय आल्याने राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजे एन.पी.सी.आय.ने, तिला किरकोळ देयकांच्या जाळ्यातून तोडून वेगळे केले. सी-एज ही स्टेट बँक आणि टी.सी.एस. यांची संयुक्त कंपनी. देशभरच्या सहकारी आणि ग्रामीण बँकांना ती हिशेबाची यंत्रणा पुरविते. सुमारे तीनशे लहान बँकांच्या ग्राहकांचे पैसे पाठविणे-काढणे त्यामुळे अडले. दुसऱ्या दिवशी जोडणी पुन्हा झाली, आणि रोग पसरू नये म्हणून तोडणे योग्यच होते. मुद्दा वेगळा आहे. या तीनशे बँका एकमेकींपासून शेकडो कोस दूर आहेत, त्यांची संचालक मंडळे वेगळी, सभासद वेगळे. पण त्या एकाच खुंटीला टांगलेल्या होत्या, आणि हे त्यांच्या सभासदांना त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. मालक भारतीयच होता, निम्मा सार्वजनिक होता. मालक गावचा असला म्हणून कूळ सुरक्षित झाले असे मराठवाड्यात तरी कोणी म्हणणार नाही.

मग मार्ग कोणता? धनंजयराव गाडगीळ हे मोठे अर्थशास्त्रज्ञ विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर लोणीला उभे राहिले आणि १९५० मध्ये प्रवरेच्या कारखान्याचे धुराडे पेटले, तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न याच जातीचा होता. साखरेचे यंत्र एकट्या शेतकऱ्याला घेणे अशक्य. यंत्र खाजगी मालकाचे राहिले तर उसाचा भाव तो ठरविणार. उत्तर निघाले ते सामाईक मालकीचे. त्या चळवळीचे पुढे काय झाले, कारखाने कोणाच्या घराण्यांत गेले, हे सांगून वाचकांना दुखविण्याची इच्छा नाही; तरी उत्तर चुकीचे होते असे कोणी सिद्ध केलेले नाही. क्लाऊडचे गणित तर सहकाराला अधिकच अनुकूल आहे, कारण कुळे वाढतात तसा दर कुळामागचा खर्च घटतो. बँकांनी मिळून २००८ साली स्थापिलेल्या एन.पी.सी.आय.कडे पाहा. नफा हा तिचा हेतू नाही, आणि तिने २०१६ साली सुरू केलेल्या यू.पी.आय.वर आज चहाचा गाडाही चालतो. बेल्जियममधील 'स्विफ्ट' ही १९७३ पासूनची बँकांची सहकारी संस्थाच आहे. मात्र तिनेच २०२२ साली निर्बंधांपुढे मान तुकवून रशियाच्या काही बँकांना जाळ्याबाहेर काढले, हेही सांगितले पाहिजे. सहकार हे नाव लावल्याने सत्ता नाहीशी होत नाही. ती कोणत्या कायद्याखाली आहे हे पाहावेच लागते.

म्हणून मालकीचा प्रश्न सुटेपर्यंत तरी कूळकायदा हवा. युरोपने तो केला आहे. तेथील 'डेटा कायदा' १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. क्लाऊडचा ग्राहक एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाऊ इच्छील तर त्याला अडविता येणार नाही, त्याचे दप्तर वापरण्याजोग्या स्वरूपात द्यावे लागेल, आणि जानेवारी २०२७ पासून या स्थलांतराचे शुल्कही घेता येणार नाही, अशी त्यात तरतूद आहे. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही एप्रिल २०२३ मध्ये बँकांच्या बाहेरून घेतलेल्या संगणक-सेवांविषयी निर्देश काढले आणि सेवा सोडताना काय करावयाचे याची आखणी आधीच करून ठेवण्याची सक्ती केली. उत्तम निर्देश आहेत. परंतु नागरी सहकारी बँकांपैकी पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीतील, म्हणजे लहान, बँका त्यांच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. लहानांवर भार नको हा हेतू असावा. पण कूळ जितके लहान तितकी त्याला संरक्षणाची गरज अधिक. एकराच्या कुळाला वगळून शंभर एकरांच्या कुळाला संरक्षण देणारा कायदा १९५० साली कोणी मांडला असता तर सभागृहात काय झाले असते?

सोसायट्यांच्या संगणकीकरणाबाबत आमचे म्हणणे यातूनच येते. प्रत्येक सोसायटीला तिच्या सर्व नोंदींची संपूर्ण प्रत दरमहा मिळाली पाहिजे. ती दुसऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरवर उघडता आली पाहिजे, आणि सोसायटीच्याच कपाटात राहिली पाहिजे. यंत्रणा बंद पडली तर केव्हा पडली, का पडली, केव्हा सुरू होईल, हे मराठीत आणि सर्वांना दिसेल असे जाहीर झाले पाहिजे. सॉफ्टवेअर सार्वजनिक पैशातून होत आहे, तेव्हा त्याची घडण पाहण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांना का नसावा? आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ते दुरुस्त करू शकतील अशी माणसे, पगारी आणि कायम नोकरीतील, तयार झाली पाहिजेत. कंत्राटी मुलगा सहा महिन्यांनी बदलतो आणि विद्या त्याच्याबरोबर निघून जाते. खर्च वाढेल हा आक्षेप येईल. २,५१६ कोटींत दरमहा एक प्रत काढून देण्याचा खर्च किती, हे आक्षेप घेणाऱ्यांनी आधी मांडून दाखवावे.

छपाईच्या व्यवसायातील वाचकांना हे अधिक लवकर पटेल. अडोबी कंपनीने मे २०१३ मध्ये आपली सॉफ्टवेअरे यापुढे केवळ मासिक-वार्षिक भाड्याने मिळतील असे जाहीर केले. तोवर एकदा विकत घेतलेल्या प्रतीवर दहा-दहा वर्षे पुस्तके लावणारे आमच्या ओळखीचे अक्षरजुळणीकार होते. भाडे थकले की स्वतः लावलेले पान स्वतःलाच उघडता येत नाही, ही अडचण त्यांच्यापुढे प्रथमच आली.

आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्याप्रमाणे ३० सप्टेंबरच्या आत व्हावयाची असते. गेल्या सभेत अहवाल आणि ताळेबंद मंजूर झाल्यावर प्रस्तुत लेखकाने सभासद या नात्याने विचारले, की संगणक-सेवेचा करार पाहावयास मिळेल काय. अध्यक्षांनी गटसचिवांकडे पाहिले. गटसचिव म्हणाले, "सर, करार आपल्याकडं नाही. वर असतो." मागच्या बाकावर आबा बसलेले होते. त्यांनी उठून, मागणी इतिवृत्तात लिहून घ्या, असे सांगितले, आणि गटसचिव ती लिहीपर्यंत ते उभे राहिले. इतिवृत्ताची वही अजून हातानेच लिहिली जाते.